मूल पहिल्यांदा सांगते तेव्हा: अड्याळच्या शाळा समित्यांना खुले पत्र

प्रति,
शाळा व्यवस्थापन समित्या, पालक-शिक्षक संघ आणि मुख्याध्यापक,
अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा

विषय: शाळेतील छळ ओळखायला आणि त्याला तोंड द्यायला मुलांना शिकवणे

शाळेतील भांडण आणि शाळेतील छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. कबड्डीत कोण आऊट झाले, खिडकीजवळची जागा कोणाची, यावरून दोन मुले एकमेकांची कॉलर धरतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच सायकलवर डबलसीट घरी जातात. त्यात दोघांचीही काही बाजू असते, दोघांनाही बोलता येते आणि शिक्षकांनी समेट घडवला तर तो टिकतो. छळाची घडण निराळी असते. तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हापुन्हा होतो आणि करणारा व सोसणारा यांची ताकद सारखी नसते. ही ताकद केवळ अंगातल्या जोराची नाही. एकाभोवती चार मित्रांचे टोळके असते, दुसरा एकटा असतो. एक दहावीत असतो, दुसरा पाचवीत. एकाच्या वडिलांना गावात मान असतो आणि दुसऱ्याची आई त्यांच्याच बांधीत रोवणीला जाते.

छळाच्या या तीन खुणा नॉर्वेत दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी मांडल्या. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केली. त्यामागे सोबतच्या मुलांनी केलेला छळ असल्याचे पुढे आले आणि १९८३ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने देशभर मोहीम उघडली. बर्गन शहरातल्या शाळांमध्ये ओल्वेउस यांनी या मोहिमेचा परिणाम पुढची दोन वर्षे मोजला, तेव्हा छळाचे प्रमाण ठळकपणे उतरल्याचे दिसले. ‘लहानपणी सगळ्यांनाच कोणी ना कोणी चिडवते, त्यातूनच मूल घट्ट होते’ ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे आणि ती चुकीची आहे. शाळेतली मोठी माणसे ठरवून वागली की छळ कमी होतो.

मारहाण डोळ्यांना दिसते, म्हणून तिची दखल घेतली जाते. बाकीचे प्रकार दिसत नाहीत. रंगावरून, उंचीवरून, चष्म्यावरून, अडखळत बोलण्यावरून एखादे नाव पाडले जाते आणि वर्षभर सारा वर्ग त्याच नावाने हाक मारतो. कोणाकडून रोज गृहपाठ लिहून घेतला जातो, कोणाला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणायला लावले जाते, कोणाचे खाऊचे पैसे काढून घेतले जातात. ‘तिच्याशी कोणी बोलायचं नाही’ असा हुकूम एक मुलगी काढते आणि बाकीच्या निमूटपणे तो पाळतात. यात कोणाला खरचटतही नाही, म्हणून तक्रार कशाची करायची हेच त्या मुलीला कळत नाही. मोठ्या वर्गांत याला मोबाइलची जोड मिळते. शाळेत साडेचारला संपणारा त्रास व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री अकरापर्यंत चालू राहतो.

छळासाठी निमित्त कोणते निवडले जाते, हे त्या त्या भागावर अवलंबून असते. आपल्या झाडीपट्टीत बोलीचे निमित्त असते. घरी ‘पानी’ आणि ‘कोनी’ म्हणणारे मूल वर्गात तसेच बोलले की हशा पिकतो, आणि कधीकधी त्या हशाची सुरुवात शिक्षकांच्या टोमण्याने झालेली असते. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या गावांची पुनर्वसने आहेत. ओळखीची शाळा सोडून आलेल्या मुलाला नव्या वर्गात स्वतःचा गट नसतो आणि ज्याला गट नाही तोच आधी टिपला जातो. मासेमारी करणाऱ्या, डुकरे पाळणाऱ्या, मजुरीसाठी फिरणाऱ्या घरांतल्या मुलांच्या वाट्याला आईवडिलांच्या धंद्यावरून टोमणे येतात. आणि जात तर आहेच.

जातीवरून होणारा छळ मुले आपल्या मनाने शोधून काढत नाहीत. मोठ्यांनी घालून दिलेली मांडणी ती पाहतात आणि गिरवतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याकडच्या आपल्या शालेय दिवसांविषयी लिहिले आहे. त्यांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. हा नियम शाळेचा होता, वर्गातल्या पोरांनी तो केला नव्हता. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांच्या शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात. त्याच दिवशी समितीने आपल्या शाळेतली पोषण आहाराची पंगत, पाण्याची टाकी, बाकांची रचना आणि झाडलोटीची पाळी कोणावर येते हे स्वतः पाहिले, तर भाषणांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

छळ शिक्षकांच्या नजरेबाहेरच्या जागा शोधतो. स्वच्छतागृहामागची भिंत, मधल्या सुट्टीतले मैदानाचे टोक, सायकली लावायची जागा, बसस्टँड, एसटीतली मागची बाके, आणि शाळा सुटल्यावर घरी जाण्याची वाट. आजूबाजूच्या गावांतून अड्याळला येणाऱ्या मुलांसाठी ही शेवटची तीन ठिकाणे महत्त्वाची आहेत. ‘शाळेच्या आवाराबाहेर घडले, आमचा संबंध नाही’ असे उत्तर मुख्याध्यापकांनी दिले तर बससाठी तासभर ताटकळणाऱ्या सातवीतल्या मुलीला कोणीच वाली उरत नाही.

मूल बहुधा आपणहून सांगत नाही. त्याचे वागणे सांगते. सोमवारी सकाळी पोट दुखते आणि शाळेची वेळ टळली की थांबते. जवळची वाट सोडून मूल लांबच्या वाटेने जाऊ लागते. पेन, कंपास, डबा सारखा ‘हरवतो’. खाऊचे पैसे नेहमीपेक्षा जास्त मागितले जातात किंवा घरातले पैसे नाहीसे होतात. शाळेतून आल्या आल्या मूल आधी संडासात धावते, कारण शाळेतल्या स्वच्छतागृहात जायची त्याला भीती असते. ही खूण पालकांच्या नजरेतून हमखास सुटते. झोपेत दचकणे, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणे, धाकट्या भावंडांवर हात उगारणे, आवडत्या विषयातले गुणही घसरणे, हेही त्यातच. यातल्या एखाद्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन एकत्र दिसल्या आणि दोन आठवडे टिकल्या, तर विचारायलाच हवे.

विचारण्याचीही रीत आहे. ‘शाळेत काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर येते. ‘आज जेवायला कोणाजवळ बसलीस?’, ‘मधल्या सुट्टीत कोणता खेळ झाला, तू कोणाच्या गटात होतास?’, ‘बसमध्ये जागा मिळाली का?’ असे साधे प्रश्न मुलाला वाट करून देतात. ते समोर बसवून विचारू नयेत. भाजी निवडताना, शेताकडे जाताना, सायकलवर मागे बसवलेले असताना विचारावेत. नजरेला नजर नसली की मुले अधिक बोलतात. एखाद्या दिवशी मूल ‘मले नाही जाचं शाळेत’ एवढेच म्हणते. तेही सांगणेच असते.

लहान मुलाला छळ ओळखायला शिकवताना व्याख्येची गरज नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना तीन प्रश्न पुरतात: हे गमतीने चालले असेल तर दोघेही हसताहेत का? ‘नको’ म्हटल्यावर थांबले का? उद्या पुन्हा होईल अशी भीती वाटते का? पाचवी ते आठवीच्या मुलांशी गट, अफवा, वाळीत टाकणे यांवर थेट बोलता येते, कारण ही सगळी उदाहरणे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असतात. मात्र वर्गातल्या खऱ्या मुलाचे उदाहरण कधी घेऊ नये, नाव न घेताही घेऊ नये. वर्ग लगेच ओळखतो.

अंगावर आल्यावर मुलाने काय करावे, याबाबत घरोघरी एकच सल्ला दिला जातो: ‘तूही दे एक ठेवून.’ हा सल्ला मायेपोटी येतो, पण तो धोक्याचा आहे. ताकद सारखी नसते हेच छळाचे मूळ असल्याने उलटा हात उचलणारे मूल बहुधा जास्त मार खाते. शिवाय शिक्षकांच्या नजरेस तेवढाच दुसरा फटका पडतो आणि शिक्षा त्यालाच होते. ‘दुर्लक्ष कर’ हा दुसरा सल्ला. एकदोनदा चिडवले गेले तर तो चालतो. महिनोन्महिने चाललेल्या छळात त्याचा अर्थ ‘एकट्याने सोस’ एवढाच होतो.

मुलाला जमेल आणि उपयोगी पडेल असे थोडेच असते, आणि ते सरावानेच येते. ताठ उभे राहून, समोर पाहून एक आखूड वाक्य म्हणणे: ‘मले हे आवडत नाही, बंद कर.’ वाक्य घरच्या बोलीतच असावे. भीतीच्या वेळी पाठ केलेली पुस्तकी भाषा तोंडातून फुटत नाही. वाद न वाढवता तिथून निघणे, आणि जिथे माणसे आहेत तिकडे जाणे. एकटे न राहणे, म्हणजे बससाठी, पाण्यासाठी, स्वच्छतागृहासाठी सोबत ठरवून ठेवणे. पैसे किंवा वस्तू मागत कोणी अंगावर आले तर देऊन टाकणे, कारण जीव महत्त्वाचा, आणि मग सांगणे. हा सराव घरी नाटकासारखा खेळवता येतो. ज्या झाडीपट्टीत दंडार आणि नाटक गावागावात आहे, तिथे मुलांना सोंग घ्यायला शिकवावे लागत नाही.

यातले सर्वात अवघड काम सांगण्याचे आहे, आणि ते अवघड मोठ्यांनी केले आहे. तक्रार घेऊन आलेल्या मुलाला ‘चुगल्या करू नको’ म्हणून परत पाठवायची सवय शाळांत इतकी मुरली आहे की चौथीपर्यंत मुले सांगणेच सोडून देतात. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे वेगळे आणि कोणाची तरी सुटका व्हावी म्हणून सांगणे वेगळे, हा फरक मुलांना एकदा नीट समजावला की ती तो बरोबर पाळतात. प्रत्येक मुलाला आपण सांगू शकू अशी तीन माणसे ठाऊक असावीत: एक घरातले, एक शाळेतले आणि एक या दोन्हींबाहेरचे. अंगणवाडीच्या ताई, आशाताई, शेजारची आजी, कोणीही. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जायचे, हेही मुलाला आधीच सांगून ठेवलेले हवे.

पुढचे सारे ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. मूल पहिल्यांदा सांगते तेव्हा मध्ये तोडू नये, ‘मग तू काय केलं होतंस?’ असे विचारू नये, आणि लगेच त्या दुसऱ्या मुलाच्या घरी जाऊन उभे राहू नये. गावात दोन्ही घरे एकमेकांना ओळखतात. रात्रीच्या त्या तावातावाच्या भेटीचे भांडण होते आणि सकाळी त्याची वसुली मुलाकडून केली जाते. काय, कुठे, कधी, कोण होते, हे तारीख टाकून लिहून ठेवावे. मोबाइलवरचे संदेश आणि फोटो पुसू नयेत, स्क्रीनशॉट घ्यावेत. मग वर्गशिक्षकांना भेटावे, आणि तोंडी बोलण्यावर न थांबता लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

शाळेत यानंतर जे बहुतेक वेळा घडते, ते बंद व्हायला हवे. दोन्ही मुलांना ऑफिसात बोलावून समोरासमोर उभे केले जाते, ‘सॉरी म्हण, हात मिळव’ असे सांगून प्रकरण मिटवले जाते. भांडणात हे चालते. छळात नाही. ज्याची भीती वाटते त्याच्या देखत मूल खरे बोलू शकत नाही, आणि बाहेर पडताच ‘सांगितलंस ना सरांना?’ म्हणून पुढचा हिशेब सुरू होतो. दोघांशी वेगवेगळे बोलावे, आधी सोसणाऱ्याशी. त्याला उद्यापासून सुरक्षित कसे ठेवणार हे ठरवावे. जागा किंवा वर्ग बदलायचा असेल तर तो त्रास देणाऱ्याचा बदलावा. आठ दिवसांनी, मग महिन्याने त्याच मुलाला पुन्हा विचारावे. हे पुन्हा विचारणे बहुतेक शाळांत होतच नाही.

छळ चालतो तो पाहणाऱ्यांच्या जोरावर. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात जब्या या शाळकरी मुलाचे कुटुंब डुकराच्या मागे धावते आणि गाव, त्यात त्याच्या वर्गातली मुलेही, कडेला उभे राहून हसते. जब्याला असह्य होतो तो हशा. कॅनडातील संशोधक हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग यांनी शाळेच्या मैदानांवरील चित्रीकरण तपासून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. छळाच्या दहापैकी जवळपास नऊ प्रसंगी इतर मुले हजर होती. मध्ये पडली ती सुमारे पाचांपैकी एका प्रसंगी. पण पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातील क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी याच प्रेक्षकांवर आधारलेला शालेय कार्यक्रम तयार केला आणि २००९ पासून तो देशभर गेला. बघणाऱ्या मुलाने दादागिरी करणाऱ्याला भिडण्याची गरज नाही. न हसणे, व्हिडिओ न काढणे, आलेला पुढे न पाठवणे, ‘चल, सर बोलावताहेत’ म्हणून त्या मुलाला तिथून काढणे, जेवताना त्याच्याजवळ जाऊन बसणे, आणि मोठ्यांना सांगणे, हे दहा वर्षांचे मूलही करू शकते.

छळ करणारे मूलही त्याच शाळेचे आहे. त्याला सर्वांसमोर छडी मारली तर बलवानाने दुर्बलाला मारावे हाच धडा त्याला पुन्हा मिळतो; शिवाय बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. त्याला नेमके काय केले ते सांगायला लावावे, पालकांना बोलवावे, झालेली हानी भरून द्यायला लावावी, ठरावीक काळ मैदानाऐवजी शिक्षकांच्या नजरेसमोर ठेवावे. घरी त्याच्यावर काय बेतते आहे, हेही विचारावे. बापाच्या माराचा राग कधीकधी पाचवीतल्या पोरावर निघतो. कारण समजून घेतल्याने कृत्य माफ होत नाही, पण पुढचे थांबवता येते. ‘गुंड’ असा शिक्का मात्र मारू नये. मुले दिलेल्या शिक्क्याप्रमाणे वागतात.

कायद्याने समित्यांच्या हाती बरेच दिले आहे. याच २००९ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. कलम ३२ खाली पालक स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी गाऱ्हाणे मांडू शकतात. त्याचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात चिडवणे, शिवीगाळ, धमकावणे यांचा नावानिशी समावेश आहे, तो वसतिगृहांनाही लागू आहे, आणि तक्रारीनंतर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी असे तो सांगतो. टाळाटाळ करणारा संस्थाप्रमुख गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो. जातीवरून जाहीर अपमान झाला तर १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे. शाळेची बदनामी नको म्हणून ते न कळवता आपसात मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अड्याळला पोलीस ठाणे गावातच आहे. त्रास देणारा अठरा वर्षांखालील असेल तर त्याच्यावरची कारवाई २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, बाल न्याय मंडळापुढे होते. त्याला कोठडीत टाकता येत नाही, हे संतापलेल्या पालकांनाही माहीत असावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास आणि विनाशुल्क आहे. तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवावा.

बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांची पुन्हा सक्ती केली. पेटी ऑफिसच्या दारात टांगली तर तिच्यात चिठ्ठी टाकताना सारी शाळा पाहते. ती अशा जागी हवी जिथे मूल सहज, एकटे जाते. किल्ली एकट्या मुख्याध्यापकांकडे नसावी, कारण तक्रार शिक्षकांविरुद्धही असू शकते. दर आठवड्याला ठरल्या दिवशी एक पालक सदस्य आणि एक शिक्षिका यांच्यासमोर ती उघडावी, चिठ्ठीची नोंद वहीत व्हावी, आणि नाव न लिहिलेल्या चिठ्ठीचीही चौकशी व्हावी. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते, अंगणवाडी सेविका तिच्या सचिव असतात. बसस्टँड आणि घरची वाट या शाळेबाहेरच्या जागा तिच्याकडे सोपवाव्यात. शाळा सुटण्याच्या वेळी बसस्टँडवर एक मोठे माणूस आळीपाळीने उभे राहिले तरी बरेच काही घडायचे टळते.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. पाचवीत आणि आठवीत नव्याने येणारी, आजूबाजूच्या गावांतली मुले पहिल्याच आठवड्यात सर्वात एकटी असतात. त्यामुळे समितीची यासाठीची बैठक शाळा उघडण्याआधी व्हावी. त्या बैठकीत तक्रार कोण ऐकणार त्या दोन व्यक्तींची नावे, पेटीची जागा व किल्ल्या, मधल्या सुट्टीतली आणि बसस्टँडवरची पाळी, आणि प्रत्येक नव्या मुलासोबत पहिला महिना राहणारा त्याच गावचा किंवा त्याच वाटेने जाणारा एक मोठा विद्यार्थी, एवढे ठरवून पहिल्या दिवशीच्या परिपाठात सर्व मुलांना सांगावे.

एक पालक,
अड्याळ